अण्णाच्या गुडघ्यातली हवा

अण्णा दवाखान्याच्या व्हरांड्यात एका पायावर उभा राहून दुसरा पाय झुलवत होता. मागं, पुढं. मागं, पुढं. आन दर खेपेला गुडघ्यातनं आवाज येत होता. कुच्च. कुच्च. चिखलात रुतलेली चप्पल ओढल्यावर येतो तसा.

"ऐकलास बे सिदू?" अण्णा म्हणला. "हवा हाय आत. डॉक्टरनं भरलीय. तुज्याच धंद्यातलं काम की."

बाकड्यावरची माणसं बघाय लागली. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मी म्हणलं, "अण्णा, पाय खाली ठेव की. पट्टी सुटंल."

त्यानं पाय खाली ठेवला. ठेवला कसला, आपटला. मी डोळे मिटले. कारण वर्ष होत आलं, हा माणूस तो पाय असा आपटताना मी बघितला नव्हता. पाय टेकवायचा म्हणजे आधी बोटं, मंग चवडा, मंग टाच, आन तोंड कडू औषध पिल्यासारखं. आन आता आपटतोय आन हसतोय.

"दुखत न्हाई," म्हणला. "जरा बी न्हाई. गेलं बघ."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं. सायकल काढ. सरावाला जायचंय."

वीरभद्रप्पा त्याचं नाव. मंगळवार पेठेत एका भुसार दुकानात तोलार होता, ज्वारी, तूर, करडई काट्यावर मापून द्यायचं काम. गल्ली त्याला वीरभद्रण्णा म्हणायची, मी नुसतं अण्णा. तो माजा कोण लागत नव्हता. पण लागणाऱ्यांनी जे केलं न्हाई ते त्यानं केलं.

मी आठवीत शाळा सोडली. मास्तरनं माझ्या हातावर रूळ मोडला, मी तो मोडका रूळ खिडकीतनं भाहीर फेकला आन मागनं मी बी गेलो. बापानं घरातनं काढलं. दुकानाच्या पायरीवर बसलो होतो तर अण्णानं दंडाला धरून उठवलं आन पोत्याच्या काट्यावर बसवलं. एका पारड्यात मी, एका पारड्यात वजनं. दुकानातले हमाल हसाय लागले. अण्णानं वजनं लावली, काटा बघितला आन म्हणला, "एवढा माल सोलापुरात फुकट पडून राहत न्हाई. कुटं तरी खपतोय." तसाच हाताला धरून सात रस्त्याजवळच्या एका सायकलच्या दुकानात घेऊन गेला. तवापासनं मी पंक्चर काढतोय. तवापासनं अण्णाला कुणी काय बोललं की माजा हात उठतोय. ते चांगलं का वाईट ते मला माहीत न्हाई. उठतोय.

आता काठीचं सांगतो, त्याशिवाय गुडघ्याचं कळणार न्हाई.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. आमी काठ्या म्हणतो. माळवदाच्या वर जाईल एवढी उंच, वजनाला भारी. कमरंला पट्टा बांधायचा, पट्ट्यात बुंधा ठेवायचा आन एकट्यानं पेलत चालायचं. भोवती पोरं असतात तोल सावरायला, मी त्यातला. पण तोल मुळात सांभाळायचा गुडघ्यावर. गुडघा जरासा वाकवून, पावलं बारकी टाकत. अण्णा चालायचा तर वरचं टोक हलायचं न्हाई. खाली माणूस चालतोय आन वर काठी देवासारखी उभी.

आमच्या पोरांची एक रीत होती. काठी जमिनीला टेकवून दुसऱ्याला द्यायची न्हाई. उभीच्या उभी, ह्याच्या पट्ट्यातनं त्याच्या पट्ट्यात. जो कायमची सोडणार, त्यानं बी असंच सगळ्यांसमोर आपल्या हातानं द्यायची. जो न देता घरी बसला, त्याच्या पुढच्याला काठी जमिनीवरनं उचलाय लागायची. जमिनीवरनं उचलायची म्हणजे आधीचा मेला असं समजायचं. अण्णाचा बाप असाच गेला, ऐन मार्गशीर्षात, सरावाच्या आदल्या दिवशी. अण्णानं पयली काठी जमिनीवरनं उचलली. ते त्याच्या मनात सलत होतं. कधी बोलला न्हाई. पण दुसऱ्या कुणाची काठी खाली आडवी पडलेली दिसली की तिकडं बघायचा न्हाई, मान फिरवून जायचा.

त्र्याहत्तर साल. दुष्काळ चालू, विहिरी कोरड्या, तरी यात्रा झाली. बाळीवेशीच्या वळणावर अण्णा काठी घेऊन वळला आन पाय गटारीच्या फरशीच्या फटीत बसला. पाऊल तितंच, अंग वळलं. मी बाजूलाच होतो, मला आवाज आला. ऊस मोडल्यासारखा. अण्णा थांबला न्हाई. शेवटपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी गुडघा पपईएवढा.

मंग सुरू झालं. तेल लावलं, शेकलं, एका हाडवैद्यानं ओढून बघितलं. सूज उतरली, पण गुडघा अडकाय लागला. दुकानात मांडी घालून बसायचा आन उठताना पाय सरळच व्हायचा न्हाई. हातानं पोटरी धरून डावीकडं उजवीकडं हलवायचा, मंग कट्ट करून सुटायचा. हमाल म्हणायचे, "तोलारअण्णा, कुलपात तेल घाल." अण्णा हसायचा. मी हसायचो न्हाई.

श्रावणात ऑपरेशन झालं. हाडाचा डॉक्टर चांगला माणूस होता, हे आता म्हणतोय. त्यानं सांगितलं, गुडघ्यात दोन हाडांच्या मधी दोन गाद्या असतात, चंद्रकोरीसारख्या. त्यातली आतल्या बाजूची फाटली होती, ती काढली. अण्णाची बायको, निंगव्वा वैनी, दवाखान्यात डबा घेऊन आली आन म्हणली, "री, गादी काढली म्हणं. आता घरातली बी काढू का? जमिनीवरच झोपा." री म्हणजे कानडीत अहो. अण्णा म्हणला, "तू सुम्न कुंदर." म्हणजे गप बस. ती काय गप बसणारी न्हाई. म्हणली, "काठीसंगच लगीन लावायचं होतं, मला कशाला आणलं?"

दसऱ्यापर्यंत बरं होतं. आधी कुबडी घेऊन चालला, मंग बिनकुबडीचा चालला. आमी म्हणलं सुटला. आन एका दुपारी दुकानात पुन्हा कट्ट. पुन्हा पाय वाकडा.

गल्लीत बोलणी सुरू झाली. कुणी म्हणलं, डॉक्टरनं कापूस आत ठेवला. कुणी म्हणलं, देवाच्या पायाला सुरी लावली, असंच होणार. हे म्हणणाऱ्याच्या सायकलची मी हवा सोडली, दोन्ही चाकांची.

खरी काळजी दुसरीच होती. काठीचा सराव सुरू झाला होता. शंकरप्पा मास्तर, म्हणजे काठीच्या सगळ्या पोरांवर देखरेख करणारा, वयानं थोर. तो घरी आला. वैनीनं चहा दिला. शंकरप्पा बशीत चहा ओतून फुंकत बसला, ओठाला लावीना.

"वीरभद्रा," म्हणला, "मी काय बोलणार न्हाई. तू बोल."

"काय बोलू?"

"औंदा कोण?"

अण्णा गुडघ्यावरनं हात फिरवाय लागला. मी दारात उभा. मला वाटलं त्या बशीला लाथ घालावी.

"ईरप्पा तयार हाय," शंकरप्पा म्हणला. "जोर हाय पोरात. पण तू दिल्याशिवाय तो हात लावणार न्हाई म्हणतोय. आन तू तर पेलू शकत न्हाईस. मंग आमी करायचं काय? खाली टेकलेली उचलायची?"

"मी मेलो का?" अण्णा म्हणला.

"तेच म्हणलालोय की."

"मंग थांबा."

शंकरप्पा थांबला. पण किती दिस थांबणार? सराव रोज होता. काठी रोज दुसरंच कोणतरी सरावापुरती घ्यायचं, ते उचलणं मोजत नव्हते, आन अण्णाचा पट्टा खुंटीला. ईरप्पा बी बिचारा बाजूलाच चालायचा. ह्या एका गोष्टीनं अण्णाची झोप गेली होती. संक्रांतीच्या आत एकदा तरी काठी त्याच्या कमरंला उभी राहायला पायजे होती. पेलायला म्हणा, द्यायला म्हणा.

हाडाच्या डॉक्टरनं तपासलं आन म्हणला, "एक विशेष फोटो काढू. आपल्याकडं आता ते करणारे आलेत."

म्हणून त्या दुपारी आमी फोटो काढाय गेलो. एक्स-रेच्या खोलीबाहेर एक डॉक्टर लाल काचंचा चष्मा लावून खुर्चीत बसला होता. भर दुपारी. मी म्हणलं, हा काय नाटकातला हाय का? एक्स-रेचा माणूस होता रामहरी, केम गावचा. त्यानं सांगितलं, "आत अंधार असतोय गड्या. डोळं आधीच तयार करावं लागत्यात. तू नगं बोलूस, साहेब हैत."

साहेबानं ऐकलं होतं. चष्मा न काढता म्हणला, "तू कोण?"

"सिदू. सायकलचं दुकान."

"मग तुला लवकर कळेल. साध्या फोटोत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. ऑपरेशन झाल्यावर तर काय काढलं आणि काय उरलं, काहीच कळत नाही. म्हणून सांध्यात थोडं औषध आणि बरीच हवा सोडायची. औषध गादीच्या कडेला चिकटतं, हवेनं जागा मोकळी होते, मग आकार उमटतो."

"ट्यूब पाण्यात बुडवल्यासारखं," मी म्हणलं. "हवा भरल्याशिवाय भोक दिसत न्हाई."

"जवळपास," तो म्हणला.

"आन आत काय दिसलं तर?"

"गादी पुढून काढतात. मागचा कोपरा खोल असतो, हाताला लागत नाही. तिथं कधी कधी तुकडा राहतो. राहिला असेल तर तो अडकतोय. नसेल तर दुसरं काही शोधू."

मला दुसरं काही नको होतं. मला तुकडा बी नको होता. मला सरावाला जायचं होतं.

सुया टोचायच्या वेळी मला भाहीर काढलं. मी व्हरांड्यात येरझारा घातल्या. पाण्याच्या माठाजवळ गेलो, पाणी पिलं न्हाई, परत आलो. भिंतीवर हात धुवायची पाटी होती, ती वाचली. पुन्हा वाचली. एका माणसानं विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हणलं, "तू कोण?" तो दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला.

मंग रामहरीनं पडद्यातनं तोंड काढलं. "ए सायकल, आत ये. धरायला माणूस पायजे."

त्यानं माझ्या अंगावर शिशाचा एप्रन चढवला. खांदे खाली गेले. आत काळा अंधार, आन अंधारात एक काच हिरवी पेटलेली. अण्णा टेबलावर पालथा. त्याच्या मांडीला पट्टा बांधलेला. साहेब म्हणला, "पोटरी धर आणि बाहेरच्या बाजूला ओढ. भीत भीत नको. सांधा उघडायला पाहिजे."

मी ओढलं. मला वाटलं अण्णा आता बोंबलतोय. तो बोंबलला न्हाई. मला वाटलं सोसतोय, सोसायची सवयच त्याला. मी हळूच म्हणलं, "अण्णा, दुखतंय का?"

"ओढ बे," तो म्हणला. "पंक्चर बघून दे एकदा."

आन मी त्या हिरव्या काचेत अण्णाचा गुडघा बघितला. वरचं हाड काळं, खालचं हाड काळं, आन मधी उजेडाची एक फट. मी ओढलं की फट मोठी व्हायची, सोडलं की मिटायची. तोंड उघडावं आन मिटावं तसं. साहेब सांगायचा, "वळव. अजून वळव. धर. श्वास रोखा." खट्ट. रामहरी फोटोची पेटी बदलायचा. पुन्हा वळव. खट्ट. पुढच्या बाजूला फट साफ होती, नुसता उजेड. पार मागं वळवल्यावर उजेडात एक बारकी सावली आली. भाकरीचा कोपरा मोडल्यावर जसा तुकडा असतो तशी.

साहेब "हं" म्हणला.

डॉक्टरचं "हं" कशाचं असतं ते कुणाला कळत न्हाई. मी म्हणलं, "काय झालं?"

"फोटो वाळू दे. सोमवारी सांगू. तू बाहेर बस."

मी भाहीर बसलो. अण्णा लई वेळानं आला. गुडघ्याला पट्टी गुंडाळलेली. आन आल्या आल्या पाय झुलवाय लागला, कुच्च, कुच्च.

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणला?"

"म्हणला, चाल. फिर. हवा जिरली पायजे."

"काठी?"

"पाय दुखत न्हाई तर काठीला काय होतंय?"

मला कसला आनंद झाला काय सांगू. मी त्याला डबलसीट घेतलं. वाटंत बोलत होतो मीच. औंदा असं करू, तसं करू, बाराबंदी नवीन शिवू. अण्णा मागनं एकदा फक्त म्हणला, "जरा जोरात चालव."

पोचलो तवा सराव सुरू व्हायचा होता. ऊन उतरलं होतं. पोरं कडेला बसून शेंगा खात होती. अण्णाला सायकलवरनं उतरताना बघून सगळी उठली. अण्णानं धोतर वर खोचलं, पट्टा मागितला. कुणीतरी पळत जाऊन खुंटीवरचा आणला.

शंकरप्पा म्हणला, "डॉक्टरनं सांगितलं का?"

मीच म्हणलं, "सांगितलं. चालायला सांगितलंय. मी तितंच होतो."

"मी तुला न्हाई विचारलं बे."

"तुमी विचारा न विचारा, मी सांगणार."

अण्णानं हात वर केला. पोरांनी काठी उभी केली, अण्णाच्या पट्ट्यात बुंधा बसवला. अण्णानं गुडघे जरा वाकवले. मी त्याच्या उजव्या हाताला. मी वर बघितलं, टोक हलत न्हाई. खाली बघितलं, पाऊल बरोबर पडतंय. कुणीतरी वरडलं, "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" सगळी गल्ली वरडली. घराघरातनं बायका भाहीर आल्या. निंगव्वा वैनी बी आली, हाताला पीठ. तिनं बघितलं आन ती वरडली न्हाई. तोंडावर हात ठेवला, पिठाचा.

अर्धी गल्ली गेला. मला प्रत्येक पावलाला आतनं कुच्च ऐकू येत होतं. मंग तो थांबला. वळणाच्या अलीकडं, सपाट जागा बघून.

"ईरप्पा," म्हणला. "पट्टा बांध."

ईरप्पा पोरांत उभा होता. त्याला कळंना. "अण्णा, मी?"

"तूच की. का तुजा आजा?"

ईरप्पानं पट्टा बांधला. दोनदा गाठ मारली. मी म्हणलं, "अण्णा, आत्ताच तर घेतलीस. पुढं जा की. दुखत न्हाई म्हणलास." अण्णानं माझ्याकडं बघितलं न्हाई. ईरप्पाला जवळ बोलावलं, छातीला छाती लागंल एवढं. दोघांनी मिळून काठी धरली. अण्णानं बुंधा उचलला आन ईरप्पाच्या पट्ट्यात ठेवला. वरचं टोक जरासं हललं आन थांबलं. अण्णानं हात काढले. आधी डावा, मंग उजवा. मंग काठीला कपाळ लावलं.

"ने," म्हणला.

ईरप्पा चालाय लागला. पोरं त्याच्या भोवती गेली. मी गेलो न्हाई. अण्णा मागं वळला, एक पाऊल टाकलं, आन कट्ट. गुडघा अडकला. वाकडाच राहिला. तो बाजूच्या ओट्यावर बसला, बसला म्हणजे पडला. आन तरी त्याच्या तोंडावर काय न्हाई, दुखल्याचं काय न्हाई.

दिवेलागणीनंतर दुखाय लागलं. असं दुखाय लागलं की अण्णा उशी चावत होता. गुडघा पुन्हा पपई. पट्टी मांसात रुताय लागली. मी शेजारच्या कंपाउंडरला बोलावून आणलं. त्यानं हात लावला आन म्हणला, "फोटोच्या वेळी सांधा बधिर केला असंल. त्याचा असर उतरलाय. बधिर सांध्यावर वजन कुणी घ्यायला सांगितलं?"

"डॉक्टरनं," मी म्हणलं.

"कुटल्या येड्या डॉक्टरनं?"

अण्णा पडल्या पडल्या म्हणला, "सिदू, जाऊ दे."

मी जाऊ देणाऱ्यातला न्हाई. सकाळी दवाखान्यात गेलो. लाल चष्म्याचा साहेब आज बिनचष्म्याचा होता, साधाच माणूस दिसत होता. मी टेबलावर हात आपटला. म्हणलं, "तुमी त्याला चाल म्हणलात. त्याच्या पायाचं वाटोळं केलंत."

"मी सांगितलं होतं, टेकू नका. घरी जाऊन झोपून राहा."

"खोटं. अण्णा खोटं बोलत न्हाई. तुमी बोललाय."

"तुमच्या अण्णांना विचारा."

"मला विचारायची गरज न्हाई."

शिपायानं मला दंडाला धरून भाहीर काढलं. मी सायकलच्या घंटीवर मूठ मारली, बोट कापलं. त्या दिवसापासनं मी सात रस्त्यावर, गल्लीत, दुकानात, जो भेटंल त्याला सांगत सुटलो. गुडघ्यात हवा भरून माणसाला फसवतात. त्या खोलीत जाऊ नका. एका पैलवानाला तर मी वाटंतनं परत फिरवला. अण्णासमोर बी सांगायचो. अण्णा काट्याच्या साखळ्या पुसत बसायचा.

सोमवारी रिपोर्ट आला. मागच्या कोपऱ्यात गादीचा तुकडा राहिलाय. सूज उतरल्यावर पुन्हा गुडघा उघडला, मागनं. तुकडा काढला. बाटलीत घालून दाखवला, नखाएवढा, पांढरा. वैनी म्हणली, "एवढ्याशासाठी?"

त्या संक्रांतीला ईरप्पानं काठी पेलली. आमची काठी कुणी जमिनीवरनं उचलली न्हाई. अण्णा दवाखान्यात खाटंवर होता. मी मिरवणूक सोडून दोनदा त्याच्याकडं पळत गेलो आन दोनदा परत आलो, काठी कुटंवर आली ते सांगायला. दुसऱ्या खेपेला तो म्हणला, "टोक हलतंय का?"

"जरासं."

"हलू दे. पयल्या वर्षी माजं बी हलायचं."

पुढं अण्णा बरा झाला, म्हणजे जेवढा व्हायचा तेवढा. गुडघा अडकत न्हाई. मांडी घालता येत न्हाई, म्हणून दुकानात स्टुलावर बसून मापतो. थंडीत लंगडतो. काठीला पुन्हा त्यानं हात लावला न्हाई. सरावाला येतो, शंकरप्पाच्या शेजारी बसतो, ईरप्पाला शिव्या देतो. शंकरप्पा मला एकदा म्हणला, "गुडघा अडकला म्हणून त्यानं काठी दिली असं न्हाई. दिली, मंग गुडघा अडकला. तू डोळ्यांनी बघितलास की." मी म्हणलं, "तुमाला दिसत न्हाई." आन सायकल घेऊन निघून गेलो.

परवाच्या उन्हाळ्यात दुकानात एकजण पंक्चर घेऊन आला. मी चाक काढलं, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघत होतो. तो म्हणला, "ए सायकल. वळखलं का?"

रामहरी. एक्स-रेचा. मी ट्यूब तशीच पाण्यात सोडली. म्हणलं, "वळखलं. तुमी त्या डॉक्टरचेच न्हवं? पंक्चर दुसरीकडं काढा."

"आरं का?"

मी सगळं सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो. चाल म्हणला, फिर म्हणला, हवा जिरली पायजे म्हणला. रामहरी ऐकत राहिला. मंग उकिडवा बसला, माझ्यासमोर.

"लेका, मी तितं हुतो," म्हणला. "फोटू झाल्यावर तुला भाहीर काढलं, आन साहेबांनी वल्ली फिल्लम त्येला दिव्यावर धरून दावली. हितं तुकडा हाय म्हनलं, पुन्हा कापावं लागंल. आन ह्यापुढं वजन उचलायचं न्हाई, कदीच. घरी नेऊन झोपवा म्हनलं. त्येनं समदं ऐकलं. इचारलं, 'आता दुखत न्हाई ते का?' साहेब म्हनलं, 'बधिर केलंय.' त्यो म्हनला, 'कवापर्यंत?' साहेब म्हनलं, 'दिवं लागंपर्यंत.' तर त्येनं पुन्हा इचारलं, 'नक्की का?'"

"मंग?"

"मंग साहेब आत गेलं, मी पट्टी बांधत हुतो. मला म्हनला, 'भाऊ, भाहीर सायकलवालं पोरगं हाय. त्याला ह्यातलं काय सांगू नका. त्याला कळलं तर मला खांद्यावर टाकून घरी नेतंय, आन काठी राहती तशीच.'"